मृग लागायच्या आधी रिले रूम विजेपासून कशी सांभाळायची (रेल्वे सिग्नलच्या नवीन ईएसएम म्हणजे मेंटेनर आणि जेई म्हणजे ज्युनियर इंजिनियरांसाठी)

एप्रिल संपत आला की मला फोन यायला लागतात. सिग्नलला नवीन लागलेली पोरं असतात, कुणी विदर्भात, कुणी मराठवाड्यात, आणि प्रश्न जवळपास एकच असतो. काल संध्याकाळी वळीव पडला, जोरात कडाडलं आणि तीन ॲक्सल काउंटर (चाकं मोजून सेक्शनमध्ये गाडी आहे का ते सांगणारी यंत्रं) एकदम ऑक्युपाइड, म्हणजे गाडी असल्याचं, दाखवायला लागले, एकाचं कार्डच गेलं, पण एसपीडी (सर्ज म्हणजे व्होल्टेजचा अचानक धक्का अडवणारी उपकरणं) तर सगळे हिरवे आहेत, मग गेलं कसं? प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी ईएसएम म्हणून लागलो तेव्हा हे कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं, कार्डं जळत गेली तसतसं शिकलो, आणि त्या शिकण्यात गाड्या उभ्या राहिल्या, स्टेशन मास्तरांची धावपळ झाली, भर पावसात रात्री हेल्परला घेऊन लोकेशनपर्यंत (रुळाकडेच्या बॉक्सपर्यंत) चालत जावं लागलं. ते तुमच्या वाट्याला येऊ नये एवढंच.

मृग ७ जूनच्या आसपास लागतो, पण विजांचं त्याच्या आधीच सुरू होतं, अवकाळीत आणि वळवाच्या पावसात, आणि मग पुन्हा ऑक्टोबरात परतीच्या पावसाला. मधे झड लागते तेव्हा कडकडाट त्यामानाने कमी. म्हणून खालचं सगळं काम एप्रिलमध्ये हातात घ्या, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपवा.

१. आधी समजून घ्या, वीज आत शिरते कुठून

रिले रूमच्या (स्टेशनच्या सिग्नल यंत्रणेच्या खोलीच्या) छपरावर पडली तरच नुकसान होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं क्वचित होतं. बहुतेक वेळा ती कुठेतरी शेतात, बाभळीवर, ओएचईच्या (रुळावरच्या विजेच्या तारांच्या) मास्टवर पडते आणि आपल्या केबलमध्ये सर्ज उठतो. आत यायचे रस्ते तीन. एक पॉवरचा, मग तो एटीचा (ओएचईवरून वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) असो की लोकल लाईटचा. दुसरा ट्रॅककडून येणाऱ्या केबलचा, म्हणजे ॲक्सल काउंटरची क्वाड केबल, सिग्नलिंग केबल, ब्लॉकची (शेजारच्या स्टेशनला जोडणारी) लाईन. आणि तिसरा खालून, जमिनीतून, आपल्याच अर्थिंगमधून. हा तिसरा रस्ता लोक विसरतात आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त कार्डं त्यानेच खाल्लीत.

कसं ते बघा. तुमच्या अर्थ पिटचं (जमिनीत रॉड पुरलेल्या खड्ड्याचं) रीडिंग १ ओहम आहे, म्हणजे अगदी उत्तम. पण त्यातून २० किलोअँप गेला तर त्या क्षणापुरती तुमची अर्थ २० हजार व्होल्टवर असते. साधा गुणाकार आहे. मग कार्ड वाचतं कसं? ओएचईच्या तारेवर कावळा बसतो, त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात म्हणून २५ हजार व्होल्ट असूनही त्याला काही होत नाही, पंख मास्टला टेकला की मात्र संपलं. तसंच आपलं. सगळी रॅकं, सगळे एसपीडी, सगळ्या केबलींचे आर्मर एकाच पट्टीला बांधलेले असतील तर सगळे बरोबर वर जातात, बरोबर खाली येतात. एक रॅक एका पिटवर आणि दुसरं रॅक दुसऱ्याच पिटवर असेल, तर दोघांमधला फरक त्यांना जोडणाऱ्या डेटा केबलमधून आणि तिच्या टोकाच्या कार्डातून जातो.

म्हणून कुणी म्हणालं, "अहो महागडं इक्विपमेंट आहे, याला वेगळी स्पेशल अर्थिंग करून देतो," तर नको म्हणा. पिट नवीन करायचा तर करू द्या, पण तो बाकीच्यांना जोडलाच पाहिजे.

२. काय काय जमवून ठेवायचं

कागद:
- आरडीएसओ (रेल्वेची मानकं ठरवणारी संस्था), लखनौचा अर्थिंग-बाँडिंगचा कोड, एसपीएन/१९७/२००८. इंचार्जकडे असतो, मागून घ्या आणि त्यातलं वायर साइजचं टेबल मोबाईलमध्ये ठेवा.
- तुमच्या स्टेशनचा अर्थिंगचा लेआउट आणि केबल टर्मिनेशनचा चार्ट. लेआउट नसेल तर स्वतः काढा, हाताने काढला तरी चालतो.
- आयपीएस (सिग्नलचा एकत्रित पॉवर सप्लाय) आणि ॲक्सल काउंटरचं कंपनीचं मॅन्युअल.
- मागच्या दोन-तीन वर्षांची अर्थ रीडिंग आणि फेल्युअर रजिस्टर.

सामान: अर्थ टेस्टर (तीन टर्मिनलचा, खुंट्या आणि वायरीसकट), मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, कॉपरचे लग, हिरवी-पिवळी मल्टिस्ट्रँड वायर १० आणि १६ स्क्वेअर मिमीची, वायर ब्रश, पॉलिश पेपर, मेजर टेप, मार्कर, त्याच मेकचे स्पेअर एसपीडी मॉड्यूल आणि त्यांचे बॅकअप फ्यूज. मेजर टेप कशाला लागते ते पुढे कळेलच.

३. मास्तरांना सांगितल्याशिवाय हात लावू नका

चालू गियरशी (सिग्नल यंत्रणेशी) संबंध येणारं कुठलंही काम टी/३५१ (गियर बंद ठेवण्याची नोटीस) भरून, मास्तरांची सही घेऊनच. "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणून केलेली कामंच अंगाशी येतात.

आणखी एक. एसपीडी मॉड्यूल बदलायला आयपीएसचा इनपुट बंद करणार असाल तर त्याआधी बॅटरी बघा. ११० व्होल्टची बँक, ५५ सेल, लोडवर किती टिकते ते आधी तपासा. इनपुट पाडला आणि बॅटरी झोपलेली निघाली तर सिग्नल काळे पडतात, मग विजेने न झालेलं फेल्युअर तुम्हीच केलेलं असतं.

४. अर्थ पिट: नुसतं रीडिंग नको, झाकण उघडा

पिटचं झाकण हाताने उचलू नका, सळईने सरकवा, उन्हाळ्यात खाली विंचू असतो, कधी साप पण. आत बघा. आताचे मेंटेनन्स-फ्री पिट म्हणजे कॉपर बाँडेड स्टीलचा ३ मीटरचा रॉड, त्यावर २५० मायक्रॉनचा कॉपरचा थर, भोवती अर्थ एनहान्समेंट मटेरियल, आणि वर कॉपरची पट्टी एक्झोथर्मिक वेल्डने जोडलेली. जुन्या सवयीने त्यात मीठ-कोळसा कुणी टाकत असेल तर थांबवा, मीठ रॉड खातं.

वेल्ड हाताने हलवून बघा, हलायला नको. नटबोल्टचा जॉइंट असेल तर सोडा, घासा, परत आवळा. हिरवट-पांढरी बुरशी आलेली दिसते ना, तो नुसता मळ समजू नका, तिथे रेझिस्टन्स वाढलेला असतो.

आपल्याकडच्या मातीचं एक आहे. काळी माती ओली असेपर्यंत फार चांगली, पण मेमध्ये तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात आणि साध्या पिटमध्ये ती रॉडपासून सुटते. म्हणजे नेमका पहिला वळीव येतो तेव्हा अर्थिंग सगळ्यात वाईट असते. आणि मुरूम संपून खाली कातळ लागतो तिथे एका पिटने १ ओहम येतच नाही, मग तीन-चार पिट ३ ते ६ मीटरच्या अंतराने मारायचे आणि २५ बाय २ मिमीच्या कॉपर पट्टीने बिल्डिंगभोवती रिंग करायची. कोकणात जांभ्याच्या पट्ट्यात पण हीच कथा.

रीडिंग घेताना होणाऱ्या चुका:

पावसाळ्यात रीडिंग घ्यायचं आणि छान आलं म्हणून खूश व्हायचं. रीडिंग एप्रिल-मेमध्येच घ्या, तेव्हा १ ओहमच्या आत असेल तर ते खरं.

खुंट्या रुळाला किंवा केबल ट्रेंचला समांतर ठोकायच्या. जमिनीतलं मेटल रीडिंग बिघडवतं. काटकोनात जा, करंटची खुंटी लांब, साधारण ३०-४० मीटरवर (रिंग मोठी असेल तर अजून लांब), आणि मधली खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. मधली खुंटी थोडी मागे-पुढे करून बघा, आकडा फार बदलला तर रीडिंग धरू नका.

क्लॅम्प मीटर लावायचा आणि ०.३ आलं म्हणून लिहून मोकळं व्हायचं. रिंगवर लावलेला क्लॅम्प मीटर बरेचदा कॉपरच्या लूपचंच रीडिंग देतो, जमिनीचं नाही.

एकेका पिटचं वेगळं रीडिंग घेताना तो रिंगमधून सोडावा लागतो, तर एका वेळी एकच सोडा आणि आभाळ भरलेलं असताना अजिबात सोडू नका.

५. सगळं एका पट्टीला

रूममध्ये एक मुख्य बसबार असतो, त्याला आपण मीब म्हणतो, आणि प्रत्येक रूममध्ये किंवा रॅकजवळ छोटा, सीब. कोडप्रमाणे इक्विपमेंट ते सीब १० स्क्वेअर मिमी, एसपीडी ते सीब १६, सीब ते मीब १६, आणि मीब ते मुख्य पिट ३५ स्क्वेअर मिमी, ती पण दोन वायरी. दोन का, तर एक तुटली तरी सगळी रूम लटकायला नको.

एक काम करा, सुट्टीच्या दिवशी नाही, ड्युटीवरच, निवांत वेळ काढून. प्रत्येक हिरवी-पिवळी वायर हातात धरा आणि ती कुठे जाते ते शेवटपर्यंत बघत जा. मी एका स्टेशनवर हे केलं तेव्हा डेटा लॉगरची (गियरच्या घटना नोंदवणाऱ्या यंत्राची) अर्थ वायर ट्रंकिंगमध्ये शिरत होती आणि दुसऱ्या टोकाला बाहेरच निघत नव्हती, आत कापून सोडलेली होती. वरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित.

रुळाला मात्र आपल्या मनाने काही जोडायचं नाही. आरई (विद्युतीकरण झालेल्या) एरियात रुळातून ट्रॅक्शनचा रिटर्न करंट जातो, तो आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या अर्थवर यायला नको.

६. एसपीडी, आणि त्याच्यापेक्षा महत्त्वाची ती हातभर वायर

आता माझी गोष्ट. नोकरीला लागून दुसराच उन्हाळा, एका लहान स्टेशनवर लागोपाठ दोन वर्षं वळवाच्या पहिल्याच कडकडाटात आयपीएसचं मॉड्यूल आणि ॲक्सल काउंटरची कार्डं गेली होती. पिटचं रीडिंग ०.८. एसपीडी नवे. सगळे हिरवे. आमचे तेव्हाचे एसएसई (सीनियर सेक्शन इंजिनियर) आले, त्यांनी मीटर काढलाच नाही. पॅनेलचं मागचं झाकण काढायला लावलं आणि टॉर्च मारला. एसपीडीच्या अर्थ टर्मिनलमधून निघालेली वायर छान तीन वेढे घालून, केबल टायने बांधून ठेवलेली होती, ज्याने बसवलं त्याने उरलेली वायर कापायची नाही म्हणून नीट गुंडाळून ठेवली होती. साहेबांनी टेप लावायला सांगितली. अडीच मीटर. सीब तिथून जेमतेम फुटावर.

ते म्हणाले, "बाळा, विजेला वायर म्हणजे वायर नसते, ती कॉइल असते."

हिशोब असा. सरळ वायरचं इंडक्टन्स साधारण मीटरला १ मायक्रोहेन्री. १० किलोअँपचा सर्ज ८ मायक्रोसेकंदात चढला तर दर मीटर वायरवर जवळपास सव्वा हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणजे अडीच मीटरवर तीन हजाराच्या वर. एसपीडी आपलं काम चोख करून दीड हजारावर धरतो, पण कार्डाला दिसतात ते दीड आणि तीन मिळून साडेचार हजार, आणि वायरला वेढे असले की त्याहून जास्त. ओहमवर याचा काही फरक पडत नाही, मीटरवर ती वायर शून्यच दाखवते, म्हणून दोन वर्षं कुणाला सापडलं नाही. आम्ही वायर कापून ४० सेंटीमीटरची केली, सरळ, कोपऱ्यात काटकोन न मारता हलकं वळण देऊन. पुढची दोन वर्षं मी त्या सेक्शनवर होतो, त्या रूममधलं एकही कार्ड विजेने गेलं नाही.

तर नियम: एसपीडीची लाईनकडची आणि अर्थकडची वायर, दोन्ही मिळून अर्ध्या मीटरच्या आत. जमत नसेल तर एसपीडी उचलून बसबारजवळ न्या.

आता बाकीचं पटापट. एसपीडी तीन क्लासचे. क्लास बी पॉवरच्या एंट्रीला, तो स्पार्क गॅपचा असतो, १०/३५० (मायक्रोसेकंद) च्या वेव्हवर टेस्ट होतो, म्हणजे मोठा आणि लांबलेला धक्का पेलतो. क्लास सी त्याच्या पुढे, एमओव्हीचा (जास्त व्होल्टेजला वाट देणाऱ्या व्हॅरिस्टरचा), ८/२० चा, उरलेलं कापायला. क्लास डी डेटा आणि सिग्नल लाईनवर. बी आणि सी वेगवेगळ्या मेकचे, आणि मधे फूटभरच वायर असेल तर सी आधी चालू होतो आणि सगळा धक्का स्वतःवर घेऊन जळतो. एकतर मधे दहाएक मीटर केबल हवी नाहीतर एकाच कंपनीची कोऑर्डिनेटेड जोडी हवी.

आणि हिरव्या खिडकीबद्दल. ती खिडकी फक्त एवढंच सांगते की आतला एमओव्ही तापून सुटलेला नाही. एसपीडीच्या आधीचा बॅकअप फ्यूज उडाला असेल तर एसपीडी सर्किटमध्येच नाही, तरी खिडकी हिरवीच राहते. म्हणून मल्टिमीटर घ्या आणि थेट एसपीडीच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल मोजा. २३० आले तर तो जागेवर आहे. नाही आले तर फ्यूज बघा. हे महिन्यातून एकदा आणि प्रत्येक कडकडाटानंतर. स्पेअर घातलेल्या मॉड्यूलवर मार्करने तारीख टाका.

७. क्लास डी आणि लोकेशन बॉक्स

क्लास डी सिरीजमध्ये लागतो. त्याला एक लाईनची बाजू असते आणि एक प्रोटेक्टेड बाजू, उलटा लावला तरी गियर चालतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. खुणा वाचून लावा.

याच्याहून जास्त दिसणारी चूक म्हणजे बाहेरून आलेली मळकी वायर आणि एसपीडीतून निघालेली स्वच्छ वायर एकाच ट्रंकिंगमध्ये, एकाच टायने बांधलेली. शेजारून सर्ज गेला की स्वच्छ वायरमध्ये परत उतरतो, मग एसपीडी असून नसल्यासारखा. दोन्ही वेगवेगळ्या बाजूने न्या, एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात.

केबलचं मेगरिंग (इन्सुलेशनची तपासणी) करताना क्लास डी आणि कार्डं दोन्ही काढून ठेवा. ५०० व्होल्टवर एसपीडी चालू होतो, इन्सुलेशन खराब असल्यासारखं रीडिंग येतं आणि चांगल्या केबलला नाव ठेवून आपण ट्रेंच खोदायला बसतो. काढलेले परत लावायला विसरू नका, मोजून काढा, मोजून लावा.

लोकेशन बॉक्सच्या अर्थ वायरची चोरी होते, तांबं आहे. बॉक्सच्या आतून बघितलं तर वायर असते, बाहेर वीतभर गेली की कापलेली. प्रत्येक बॉक्सला मागून फेरी मारा.

ऑप्टिकल फायबरमधून सर्ज येत नाही, पण आर्मर असलेल्या ओएफसीचं आर्मर मेटलचंच आहे, ते एंट्रीलाच बाँड करा, रॅकपर्यंत तसंच नेऊ नका.

८. टॉवर जवळ असेल तर

कवचच्या (गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेच्या) कामात स्टेशनांवर ४० मीटरचे टॉवर येतायत, म्हणजे आसपासच्या सगळ्यात उंच गोष्टी आता आपल्याच रूमला चिकटून. टॉवरचा डाउन कंडक्टर रूमच्या भिंतीतून आत आणायचा नाही, बाहेरून सरळ स्वतःच्या पिटला, आणि तो पिट जमिनीखालून रिंगला जोडलेला. अँटेनाची कोएक्स केबल जिथून आत शिरते तिथेच तिचा सर्ज अरेस्टर आणि त्याची अर्थ. टॉवरवाले, टेलिकॉमवाले आणि आपण असे वेगवेगळे लोक काम करत असतील तर टॉवरचा पिट आणि रूमची रिंग जोडली गेली का हे तुम्ही स्वतः बघा, कारण ही जोडणी कुणाच्याच यादीत नसते.

९. कडकडाट सुरू असताना, आणि नंतर

दामिनी ॲप मोबाईलमध्ये घ्या, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय, आसपास वीज पडतेय का ते दाखवतं. चमकल्यापासून आवाज यायला नऊ सेकंद लागले तर वीज तीन किलोमीटरवर आहे. गडगडाट ऐकू येतोय तोपर्यंत लोकेशन बॉक्स उघडायचा नाही, अर्थ वायर हातात धरायची नाही, केबलवर काम करायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. फेल्युअर कितीही मोठं असो. कंट्रोलवरून फोन येतील, शांतपणे सांगा की विजा चालू आहेत, थांबल्या की निघतो. हेल्परला पण एकट्याला पाठवू नका.

आता रीसेटचं. विजेनंतर ॲक्सल काउंटर ऑक्युपाइड दाखवतो तेव्हा सगळ्यांचं मत असतं की "वीज पडली, गाडी कुठली, मारा रीसेट." सेक्शन रिकामा आहे याची खात्री नियमाप्रमाणे होईपर्यंत रीसेट नाही, आणि प्रिपरेटरी रीसेट असेल तर पुढच्या गाडीने मोजणी पूर्ण होईपर्यंत सेक्शन ऑक्युपाइडच धरायचा. २३ जुलै २०११ ला चीनमध्ये वेंचौजवळ काय झालं ते आठवा. विजेने स्टेशनच्या सिग्नल यंत्रणेतला फ्यूज उडाला आणि यंत्रणा बिघाडाच्या आधीचीच स्थिती पुढे दाखवत राहिली, म्हणजे सेक्शनमध्ये गाडी असताना रिकामा. डी-३११५ नंबरची गाडी पुलावर होती, मागून डी-३०१ आली आणि धडकली. ४० माणसं गेली. वीज पडल्यानंतर गियर जे दाखवतंय त्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, लाल दाखवत असो की हिरवं.

पाऊस थांबल्यावर फिरताना क्रम ठेवा: आधी पॉवरचे एसपीडी आणि फ्यूज, मग आयपीएसचे अलार्म, मग क्लास डी, मग जळालेलं कार्ड. कार्ड आधी बदललं आणि मेलेला एसपीडी तसाच राहिला तर पुढच्या कडकडाटात नवं कार्ड पण जातं.

जळालेलं कार्ड दुरुस्तीला पाठवण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुठल्या पिनजवळ काळं झालंय त्यावरून सर्ज पॉवरकडून आला की लाईनकडून ते कळतं. मग रजिस्टरमध्ये नुसतं "लाइटनिंगमुळे फेल" लिहू नका. तारीख, वेळ, डेटा लॉगरमध्ये पहिली नोंद कुठल्या गियरची आहे, कुठला एसपीडी गेला, कुठला फ्यूज, कार्डाची कुठली बाजू, आणि त्या केबलच्या बाहेरच्या टोकाला कुठलं लोकेशन आहे, हे सगळं लिहा. दोन पावसाळ्यांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की एकच लोकेशन पुन्हा पुन्हा येताना दिसेल, तिथला पिट पहिल्यांदा उघडा.